दोन नंबरची वाट

युनिक्समध्ये एरर मेसेजला स्वतःची वेगळी वाट मिळाली ती फोटोचा कागद वाया गेला म्हणून. ऐकायला गंमत वाटते, पण सांगणारा माणूस ऐकीव गप्पा मारणारा नव्हे. यॅक हा कंपायलर बनवायचा प्रोग्रॅम लिहिणारा स्टीव्ह जॉन्सन त्या काळी न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये होता, आणि ज्यांचे कागद वाया गेले त्यांत तो स्वतः होता.

बेल लॅब्सच्या संशोधकांना पीडीपी-११ हे यंत्र मिळाले ते मजकूर तयार करण्याच्या कामासाठी. ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची आहे असे सांगितले असते तर पैसे मिळाले नसते, कारण मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात हात पोळल्यावर कंपनीने १९६९ साली अंग काढून घेतले होते. मग पेटंट विभागाच्या टायपिस्टना युनिक्सवर बसवले. पुढे ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचे कॅट नावाचे फोटोटाइपसेटर आले आणि ते चालवायला जो ओसाना याने ट्रॉफ हा प्रोग्रॅम लिहिला. हे यंत्र अक्षरे प्रकाशाने फोटोपेपरवर उमटवायचे. त्या कागदाची लांबलचक पट्टी मग दुसऱ्या एका यंत्रात जपून घालायची. त्यात रसायने, त्यांचा घाण वास, आणि काही मिनिटांची वाट पाहणे. एका दुपारी तिथल्या कित्येकांवर एकच प्रसंग आला. पट्टी बाहेर आली, आणि तिच्यावर सुबक टायपात छापलेली एकच ओळ : अमुक फाइल उघडता येत नाही.

कुरकुर झाली. ती योग्य माणसांच्या कानांवर पडेल अशी झाली, आणि दोन-चार दिवसांत स्टँडर्ड एरर जन्माला आला, असे जॉन्सन सांगतो.

बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय याने याच गोष्टीची दुसरी बाजू लिहून ठेवली आहे. युनिक्सच्या प्रत्येक प्रोग्रॅमला सुरुवातीला दोनच वाटा होत्या. शून्य नंबरवरून आत यायचे, एक नंबरवरून बाहेर जायचे. कामाचे उत्तर असो की तक्रार, दोन्ही एक नंबरवरूनच. समोर टर्मिनल असेपर्यंत कोणाचे काही बिघडत नव्हते. आउटपुट फाइलमध्ये वळवले की तक्रारही फाइलमध्ये गडप व्हायची. तरी ती फाइल पुढे कोणीतरी उघडायचे, वाचायचे. १९७३ मध्ये पाइप आले आणि तेवढीही सोय उरली नाही. प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत हे टिपण मॅकिलरॉयने १९६४ सालीच लिहिले होते. ते केन थॉम्प्सनने एका रात्रीत प्रत्यक्षात आणले. आता पहिल्या प्रोग्रॅमची तक्रार माणसाकडे न जाता थेट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊ लागली. पुढे सॉर्ट असेल तर तो ‘फाइल उघडता येत नाही’ ही ओळ अक्षरक्रमाने योग्य जागी नेऊन बसवायचा. ओळी मोजणारा प्रोग्रॅम असेल तर तो तिलाही मोजायचा.

मॅकिलरॉय म्हणतो की दोन वाटांच्या साधेपणाला धक्का लावायचे लोकांच्या जिवावर येत होते, म्हणून सहाव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, सगळ्यांनी हे सोसले. त्यानंतर डेनिस रिची याने तिसरी वाट काढून दिली. शून्यापासून मोजत आल्यामुळे तिचा नंबर दोन. रिचीच्या कामाचे कौतुक सी भाषेसाठी होते, ते व्हायलाच हवे. पण माझ्या नोकरीतल्या रात्री ज्याने वाचवल्या तो हा दोन नंबर.

मी नोकरीला लागले तेव्हा हा इतिहास मला ठाऊक नव्हता. नव्वदच्या आसपास पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या ईडीपी विभागात मी होते. मुख्य कचेरीत युनिक्सचे एक यंत्र, त्याला आठ-दहा डंब टर्मिनल आणि एक लाइन प्रिंटर. शाखांमध्ये डॉसचे पीसी. दिवसअखेरीचे सगळे अहवाल एका स्क्रिप्टमधून निघायचे आणि पाइपने थेट प्रिंटरकडे जायचे. मूळ प्रोग्रॅम बाहेरच्या एका मंडळीने कोबोलमध्ये लिहून दिलेले होते आणि त्यांनी एरर मेसेजही खुशाल एक नंबरवर सोडले होते. एकदा थकबाकीदारांच्या यादीत, दोन कर्जदारांच्या मध्ये, इंडेक्स फाइल लॉक असल्याची ओळ छापून आली. वसुली अधिकारी कंटिन्युअस स्टेशनरीचा तो गठ्ठा घेऊन आले. त्या ओळीभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. “मॅडम, हा कोण खातेदार? याच्या नावापुढे रक्कमच नाही.”

मरे हिलला फोटोपेपर आणि आमच्याकडे भोके पाडलेला हिरव्या पट्ट्यांचा कागद, एवढाच काय तो फरक. त्यांच्याकडे दुखणे होते तेव्हा औषध नव्हते. आमच्याकडे औषध पंधरा वर्षे जुने होते, आणि ज्यांनी प्रोग्रॅम लिहिले त्यांनी ते वापरलेच नव्हते.

तिसरी वाट असणे ही अर्धीच गोष्ट. ती हवी तिकडे वळवता आली पाहिजे, आणि ते काम शेलचे, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे. थॉम्प्सनच्या जुन्या शेलमध्ये दोन नंबरला हात लावायची सोयच नव्हती. ती दिली स्टीफन बॉर्न याने. हा केंब्रिजहून आलेला, अल्गॉल-६८ च्या प्रेमात पडलेला माणूस. त्या प्रेमापायी त्याने आपल्या शेलचा सी भाषेतला सोर्स मॅक्रो घालून अल्गॉलसारखा दिसेल असा लिहिला, आणि तो वाचून चक्रावलेल्या लोकांनी पुढे १९८४ मध्ये अगम्य सी प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धाच सुरू केली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बॉर्न शेल बाहेर आला आणि त्यात ती खूण होती जी आजही माझी बोटे न बघता टाइप करतात : 2>&1.

दिसायला ही खूण टायपिंगची चूक वाटते. पण तिच्यात लपवाछपवी नाही. दोन नंबरला एक नंबरची प्रत द्या, एवढेच ती म्हणते. युनिक्सच्या कर्नलमध्ये डुप नावाचा सिस्टीम कॉल आहे. उघड्या फाइलच्या नंबराची तो दुसऱ्या नंबरावर प्रत काढून देतो. बॉर्नने तोच कागदावर मांडला. प्रत ही त्या क्षणाची असते, आणि शेल डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणून ‘> यादी 2>&1’ लिहिले तर आधी एक नंबर यादी या फाइलकडे वळतो, मग दोन नंबरला त्याची प्रत मिळते, आणि दोन्ही फाइलमध्ये जातात. हेच उलटे, ‘2>&1 > यादी’ असे लिहिले तर दोन नंबरला प्रत मिळते ती एक नंबर अजून टर्मिनलकडे असतानाची. त्यानंतर एक नंबर फाइलकडे निघून जातो आणि एरर स्क्रीनवरच येत राहतात. आमच्याकडे लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला हे बग वाटायचे. पाटीवर दोन बाण काढून दाखवले की पटायचे, आणि मग तीच मुले या उलट्या क्रमाचा उपयोग करायला लागायची. कारण फक्त एरर पाइपमध्ये पाठवायचे असतील तर नेमका हाच क्रम लागतो.

बॉर्न शेलच्याच सुमारास कॅलिफोर्नियात, बर्कलीला, बिल जॉय याने सी शेल लिहिला होता. त्यात 2>&1 ची कटकट नव्हती. आउटपुट आणि एरर दोन्ही वळवायचे तर >& एवढेच पुरे, पाइपसाठी |&. हाताने कमांड देणाऱ्याला हे फार बरे वाटायचे. जुन्या कमांड परत बोलावण्याची सोयही त्यात होती, त्यामुळे विद्यापीठांत सी शेलच लोकप्रिय. पण नुसते एरर वेगळे काढा म्हटले की सी शेल हात वर करतो. मग कमांड कंसात घालायची, कंसाच्या आत आउटपुट एका फाइलकडे पाठवायचे, आणि कंसाच्या बाहेर जे उरेल, म्हणजे एरर, ते >& ने दुसऱ्या फाइलकडे. काम होते, पण प्रत्येक वेळी एक जादा शेल उभा राहतो. नंबर लपवून सोपेपणा आणला की पुढे कधीतरी ते नंबर हवे असतात तेव्हा सापडत नाहीत. माझे मत विचाराल तर सी शेलमध्ये स्क्रिप्ट लिहिणे हा हट्ट आहे, आणि हे मत माझ्या एकटीचे नाही.

बॉर्नची खूण सुधारायचा प्रयत्न बेल लॅब्सनेही केला. प्लॅन ९ या त्यांच्या नंतरच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी टॉम डफने लिहिलेल्या आरसी शेलमध्ये तीच गोष्ट >[2=1] अशी लिहितात. वाचायला किती स्वच्छ. पण ती त्या घराबाहेर फारशी पडली नाही. अलीकडच्या फिश शेलने एररसाठी ^ हे चिन्ह घेतले होते. काही वर्षांनी ते मोडीत काढून त्यांनीही 2> चाच आधार घेतला.

युनिक्सच्या बाहेरची दुनिया मात्र वेगळ्या चालीची होती. आयबीएमच्या मेनफ्रेमवर शेलच नाही, जेसीएल. तिथे प्रोग्रॅम ज्या ज्या नावाने लिहितो त्या प्रत्येक नावासाठी डीडी नावाचे कार्ड आधीच लावायचे. कोणते कागदपत्र कुठे जाणार हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले. सरकारी कचेरीच्या आवक-जावक नोंदीसारखा तो कारभार होता. कंटाळवाणा, पण तिथे तक्रार सहसा हरवत नसे.

डेक कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर मी वर्षभर काम केले, आणि त्या सिस्टीमबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे. तिथे नंबरांऐवजी नावे : सिस-इनपुट, सिस-आउटपुट, सिस-एरर. शेवटची दोन जर वेगवेगळ्या जागी वळवलेली असतील तर सिस्टीम एरर मेसेज दोन्हीकडे पाठवते. आउटपुट वाचणाऱ्यालाही कळावे आणि एरर बघणाऱ्यालाही. मेसेजची बांधणीही ठरलेली. टक्क्याचे चिन्ह, कोणत्या विभागाची तक्रार, मग तीव्रतेचे एक अक्षर, मग मेसेजचे छोटे नाव, आणि त्यानंतर वाक्य. अक्षरे पाच : यश, माहिती, इशारा, चूक, आणि काम थांबवणारी घातक चूक. पाइपलाइनमधल्या चार प्रोग्रॅमपैकी नेमका कोण ओरडला हे कळायला हवे, म्हणून मेसेजने स्वतःची ओळख सांगावी, अशी गरज मॅकिलरॉयनेही नोंदवली आहे. युनिक्सच्या प्रोग्रॅमांना ती शिस्त लावायचे काम कधी पुरे झाले नाही, हेही तोच म्हणतो. व्हीएमएसमध्ये ती पहिल्यापासून होती.

आणि डॉस! १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये यातले काहीच नव्हते. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा युनिक्सचे लायसन होते, झेनिक्स नावाने ती कंपनी युनिक्स विकत होती. मार्च १९८३ मध्ये डॉस २.० आले त्यात युनिक्सच्या वळणाच्या बऱ्याच गोष्टी आल्या. डिरेक्टरीत डिरेक्टरी, <, >, पाइप, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतः पाच हँडल : इनपुट, आउटपुट, एरर, सीरिअल पोर्ट आणि प्रिंटर. म्हणजे दोन नंबर होता. पण कमांड डॉट कॉम या डॉसच्या शेलमध्ये तो वळवायची खूणच दिली नाही! दार बसवले आणि कडी बाहेरून लावून टाकली. विंडोज ९८ मध्येही कमांड डॉट कॉम तसाच होता.

आमच्या शाखांत रात्री फ्लॉपीवर बॅकअप घेणारी बॅच फाइल होती. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसेल तर मेसेज स्क्रीनवर येणार, फाइलमध्ये कधीच नाही. सकाळी शिपाई यंत्र बंद करून झाडलोट करायचा, म्हणजे पुरावा गेला. काही लोक सीटीटीवाय ही कमांड वापरायचे. तिने अख्खे कन्सोलच दुसऱ्या डिव्हाइसकडे वळवता येते. ‘सीटीटीवाय नल’ म्हटले की एरर दिसेनासे होतात खरे, पण त्याबरोबर कीबोर्डही जातो. काम संपल्यावर ‘सीटीटीवाय कॉन’ ही ओळ बॅच फाइलमध्ये असलीच पाहिजे. तिच्यापर्यंत पोचण्याआधी काही अडले तर यंत्र समोर चालू आहे, पण टाइप केलेले ऐकत नाही. बटण दाबून पुन्हा सुरू करायचे. फोरडॉस नावाचा पर्यायी कमांड प्रोसेसर यावर उतारा होता, त्यात एरर वळवता यायचे. पण बँकेच्या पीसीवर बाहेरचे काही टाकायचे म्हणजे मंजुरीची फाइल फिरवावी लागे, आणि ती फाइल कुठे वळली ते कळत नसे.

ही कडी काढली विंडोज एनटीने, १९९३ मध्ये. एनटीचा मुख्य शिल्पकार डेव्ह कटलर हा व्हीएमएसचाच माणूस. तरी एनटीच्या सीएमडी या शेलमध्ये एरर वळवायची खूण आली ती बॉर्नची, जशीच्या तशी. 2>&1, तोच क्रम, तोच नियम. नको ते फेकून द्यायची युनिक्सवरची जागा म्हणजे डेव्ह-नल, तिच्याऐवजी नल एवढेच बदलायचे. पहिल्यांदा ते चाललेले बघितले तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला उठवून बोलावले होते.

२००६ च्या पॉवरशेलने पुन्हा नवा घाट घातला. तिथे वाहतो तो मजकूर नसतो, ऑब्जेक्ट असतात. आउटपुट आणि एररबरोबर पुढे इशारे, व्हर्बोज, डीबग आणि माहिती असे आणखी प्रवाह आले. ३ ते ६ नंबर त्यांचे. व्हीएमएसच्या तीव्रतेच्या अक्षरांची आठवण मला इथे येते. पण जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमचा दोन नंबर एकात मिसळला की त्या प्रोग्रॅमच्या साध्या ओळीही एररच्या लाल मजकुरात गुंडाळून येतात. गिटसारखे प्रोग्रॅम कामाची प्रगतीही दोन नंबरवरच सांगतात. ते बरोबरच आहे, कारण जे उत्तर नाही ते सगळे दोन नंबरवर, असाच खरा रिवाज आहे. पण काम उत्तम झालेले असताना लालभडक पडदा बघून घाबरलेल्या मुलांचे फोन मी घेतले आहेत.

आता लिनक्स आणि मॅक. सगळे युनिक्सचेच वंशज, म्हणजे इथे तरी एकमत असेल असे वाटते. नाही. लिनक्सवरच्या बॅश या शेलमध्ये &> अशी एक सुटसुटीत खूण आहे. आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये. लोकांना ती आवडली आणि पहिल्या ओळीत ‘एसएच’ लिहिलेल्या स्क्रिप्टमध्येही ते ती वापरू लागले, कारण लिनक्सवर एसएच म्हणजे बहुतेक ठिकाणी बॅशच असायचा. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० आले आणि त्यांनी एसएचच्या जागी डॅश हा छोटा, वेगवान शेल बसवला. डॅश बॉर्नच्या वळणाचा. त्याला &> ठाऊक नाही. तो त्याचे दोन तुकडे पाडतो. & पर्यंतची कमांड बॅकग्राउंडला सोडून देतो आणि मग > ने नुसती एक रिकामी फाइल तयार करतो. एरर मेसेज काही नाही! लॉग रिकामा, आउटपुट पडद्यावर, आणि कमांड संपायची वाट न बघता स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर. डेटाबेसची कॉपी पुरी व्हायच्या आत ती झिप करायला घेणारी स्क्रिप्ट मी दुरुस्त केली आहे. काही बिघडलेच नाही असे तिचा लॉग सांगत होता.

मॅकवर उलटा प्रकार. तिथला बॅश ३.२ वर थांबलेला आहे, कारण त्यापुढच्या आवृत्त्यांचे लायसन ॲपलला नको होते. २००९ च्या बॅश ४ मध्ये आलेले &>> आणि |& तिथे चालत नाहीत. २०१९ पासून हाताने काम करायला झेडशेल दिला आहे, त्यात |& चालते. म्हणजे हाताने दिलेली कमांड चालते आणि तीच स्क्रिप्टमध्ये घातली की सिंटॅक्स एरर.

एवढ्या सगळ्या फाट्यांमधून न बिघडता चालत आलेली एकच गोष्ट म्हणजे बॉर्नची जुनी खूण. बॉर्न, कॉर्न, बॅश, डॅश, झेडशेल, सीएमडी, सगळीकडे ती त्याच अर्थाने चालते. पॉझिक्सच्या मानकातही तीच आहे. सुंदर नसली तरी खरी आहे, म्हणून टिकली असे माझे मत आहे.

तिचा सर्वांत वाईट उपयोगही तितकाच सार्वत्रिक आहे. क्रॉन हा प्रोग्रॅम रात्री कामे चालवतो आणि काही आउटपुट निघाले तर मेल करतो. रोजची मेल नको म्हणून लोक क्रॉनच्या ओळीला शेवटी दोन्ही वाटा डेव्ह-नलकडे वळवून टाकतात. एका कारखान्यात असाच टेपचा बॅकअप कित्येक महिने रोज रात्री अयशस्वी होत होता. टेप ड्राइव्ह मिळत नाही, हे वाक्य तो दररोज बरोबर वेळेला म्हणत होता. डिस्क गेली तेव्हा टेप कोऱ्या निघाल्या.

आणखी एक सांगते, कारण हे अनुभवी लोकांनाही चकवते. दोन्ही वाटा एका लॉगमध्ये मिसळल्या की ओळींचा क्रम खरा धरू नका. फाइलकडे जाणारे आउटपुट सी लायब्ररी साठवून मोठ्या घासाने लिहिते, एरर मात्र न साठवता लगेच. त्यामुळे लॉगमध्ये तक्रार आधी आणि ज्या कामाची तक्रार ते नंतर, असे दिसते. तपास करायचा असेल तर दोन फाइल ठेवा आणि दोन्हींत प्रत्येक ओळीवर वेळ टाका.

तुमच्या हाती आज स्क्रिप्ट असेल तर एवढे करा. &> काढून तिथे आधी > आणि फाइल, मग 2>&1 असे लिहा. आणि क्रॉनच्या ओळी उघडून बघा. ज्या ओळीच्या शेवटी दोन नंबर डेव्ह-नलकडे जातो, तिथे त्याला एक खरी लॉग फाइल द्या, आणि ती आठवड्यातून एकदा कोणी वाचायची त्या माणसाचे नाव त्याच ओळीच्या वर लिहून ठेवा.